घडवणाऱ्याचे नाव

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

आपल्या घरात २०२३ सालच्या एप्रिलनंतर घेतलेला सोन्याचा एखादा दागिना असेल, तर तो भिंगाखाली धरून पाहा. मंगळसूत्राच्या वाटीच्या आतल्या बाजूला किंवा अंगठीच्या पोटात तीन खुणा दिसतील. एक भारतीय मानक ब्युरोची त्रिकोणी खूण. दुसरा शुद्धतेचा आकडा, म्हणजे बावीस कॅरेटला ९१६. आणि तिसरा, अक्षरे आणि अंक मिळून सहा चिन्हांचा एक क्रमांक. हा क्रमांक प्रत्येक दागिन्याचा वेगळा असतो. मोबाइलवर ब्युरोचे ॲप उघडून तो टाकला, की कोणत्या दुकानाने दागिना तपासायला दिला, कोणत्या केंद्राने तपासला, कधी तपासला आणि सोने किती शुद्ध आहे, अशी त्याची सगळी कुंडली समोर येते. एक गोष्ट मात्र त्या कुंडलीत नसते. दागिना घडवला कोणी, ते कळत नाही.

नांदेडचा जुना सराफा असो की लातूरची सराफ लाइन, आज तिथे काचेमागे झगमगणारा माल पुष्कळ आहे. पण शेगडीपाशी मान घालून बसलेला माणूस शोधावा लागतो. यंत्राने त्याला हटवले, असे आपण सहज म्हणून जातो. ते अर्धेच खरे आहे. सोनाराची ओळख कधी आणि कशाने पुसत गेली, हे इतिहासात जाऊन पाहिले तर वेगळा क्रम दिसतो. त्याच्या हाताचे काम गेले ते फार उशिरा. त्याच्या कितीतरी आधी त्याच्या शब्दाची किंमत गेली होती.

सुरुवात तेरपासून करू. लातूर जिल्हा १९८२ साली ज्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातून वेगळा झाला, त्यातले तेरणाकाठचे हे गाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-वृत्तांतात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाची पेठ असल्याची नोंद आहे. ते तगर म्हणजे हे तेर. तिथल्या वस्तुसंग्रहालयात रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंत निरनिराळ्या दगडांचे मणी आहेत, मृण्मूर्ती आहेत, आणि हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेई इथे सापडली. पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले, त्यामुळे ही कला किती जुनी आहे याचा पुरावाच मिळाला. या मूर्तींच्या अंगावरचे अलंकार पाहिले, की लक्षात येते की दागिने घडवण्याची समज आपल्या भागात दोन हजार वर्षांपूर्वी चांगली मुरलेली होती. घडवणाऱ्याचे नाव मात्र तिथेही नाही. तेव्हा निनावी असणे हे काही यंत्रयुगाने आणलेले संकट नव्हे. प्रश्न असा आहे, की नाव कोरलेले नसतानाही जुन्या काळी सोनाराला ओळख होती, ती कशावर उभी होती?

ती उभी होती पारखीवर. गावगाड्यात सोनार काही ठिकाणी बलुतेदारांच्या यादीत येतो, तर काही ठिकाणी अलुतेदारांच्या. पण त्याच्याकडे दागिन्यांखेरीज आणखी एक जबाबदारीचे काम असे. गावचा सारा भरताना येणारी नाणी खरी की खोटी, घासलेली की पुऱ्या वजनाची, हे पारखून द्यायचे. यालाच पोतदारी म्हणत. पोतदार हे आडनाव त्या कामावरून आले. काळ्या कसोटीवर सोन्याची रेघ ओढायची, शेजारी माहितीच्या कसाची रेघ ओढायची, वर तेजाबाचा थेंब सोडायचा आणि दोन्हींचा रंग पाहून कस सांगायचा. गुंजेच्या लाल बिया ही त्याची वजने. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. त्याने 'बावनकशी' म्हटले की गाव ते मानत असे. या शब्दावर त्याची भाकरी होती.

शब्दावर पोट असले, की संशयही पाठीमागे येतोच. सोनार, शिंपी आणि कुलकर्णीअप्पा यांची संगत नको, असे सांगणारी म्हण आपल्याकडे आहे. सोनार आईच्या नथीतलेही सोने काढतो, अशी थट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. काही जण तसे असतीलही. पण त्या संशयामागे धातूचा एक साधा नियमही होता, आणि तो गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हता. दोन तुकडे जोडायचे तर डाक लावावा लागतो, आणि डाक मूळ सोन्याच्या आधी वितळायला हवा. म्हणून त्यात तांबे आणि चांदी जास्त घालतात. ठुशीसारख्या दागिन्यात असे कितीतरी जोड असतात. वीस वर्षांनी तो दागिना मोडला, की सगळे जोड सोन्यात मिसळतात आणि कस उतरतो. दुष्काळात, नाहीतर मुलीच्या लग्नासाठी दागिना मोडायला आणलेल्या माणसाला एवढेच दिसे, की दिले होते त्यापेक्षा कमी हातात येत आहे. आपल्याकडे शेतकऱ्याची बँक म्हणजे बायकोच्या अंगावरचे चार डाग. १९७२ च्या दुष्काळात ती बँक कितीतरी घरांनी रिकामी केली. घडवणारा आणि मोडणारा एकच असल्यामुळे 'तूट' या शब्दाचा सगळा राग सोनाराच्या वाट्याला आला.

ही थट्टा सोनारांनी स्वतःही ऐकली होती. पंढरपूरचे संत नरहरी सोनार यांच्या नावावरच्या अभंगात मूस आहे, हातोडा आहे, कातर आहे, ताजवा आहे; आणि सोनाराच्या चोरीवरचे लोकांचे बोलणेसुद्धा देवाच्या नामाकडे वळवून घेतले आहे. त्यांची आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. नरहरी कट्टर शिवभक्त. विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा घडवायचा होता, पण ते विठ्ठलाचे तोंड पाहायला तयार नव्हते. दुसऱ्याने आणलेल्या मापावर त्यांनी करगोटा केला, तो तोकडा झाला. दुरुस्त केला, तर सैल झाला. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून ते देवळात गेले आणि हाताने चाचपू लागले, तेव्हा शिव आणि विठ्ठल एकच असल्याचे त्यांना उमगले. कीर्तनकार या कथेतून हरि-हरांचे ऐक्य सांगतात, ते योग्यच आहे. पण कारागिराच्या बाजूने पाहिले तर तीत आणखी एक गोष्ट आहे. दुसऱ्याने आणलेल्या मापावरचा दागिना बसला नाही. ज्याच्या अंगावर तो चढायचा, त्याला हात लागला तेव्हाच माप मिळाले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

आता यंत्राकडे येऊ. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि इथे हाली सिक्का चाले. एकोणिसाव्या शतकातली हाताने पाडलेली नाणी वजनाला आणि कसाला कमीअधिक असत, म्हणून पारख्याला काम होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादेत चारमिनारचे चित्र असलेली, यंत्रावर पाडलेली नाणी आली. गोल, सारखी, काठ शाबूत असलेली. अशा नाण्याला कसोटीची गरज उरली नाही. म्हणजे यंत्राने सोनाराचे पहिले काम घेतले ते नाणे पारखण्याचे, आणि त्या वेळी दागिन्याला त्याने बोटही लावले नव्हते. पोतदार हे पद गेले आणि आडनाव राहिले.

त्याच सुमारास गावाची जागा बाजारपेठ घेऊ लागली. लातूरची गंजगोलाई पाहा. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावर १९१७ साली मधली इमारत उभी राहिली, आणि तिला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर एकेका मालाची पेठ बसली. सोन्याची वेगळी, मिरचीची वेगळी, गुळाची वेगळी. अशा पेठेत दोन माणसे वेगळी होतात. भांडवल घालून दुकान मांडतो तो सराफ. मागच्या खोलीत बसून मजुरीवर घडवतो तो सोनार. गिऱ्हाईक सराफाला ओळखते. सोनार पडद्यामागे जातो.

त्यानंतरचा घाव सरकारी कायद्याचा होता, आणि तो सर्वांत खोल गेला. १९६२ च्या चीन युद्धानंतर परकीय चलनाची टंचाई होती आणि सोन्याची चोरटी आयात जोरात होती. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू झाले. चौदा कॅरेटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी आली. चौदा कॅरेट म्हणजे शंभर भागांत साधारण अठ्ठावन्न भाग सोने. ते कडक असते. बावीस कॅरेटच्या मऊ सोन्यावर बसलेला हात जंतरातून केसासारखी तार ओढतो, मण्यावर रवा बसवतो. चौदा कॅरेटवर तो हात तसा चालत नाही. शिवाय असले सोने अंगावर घालायला लोकही तयार नव्हते. देशभर सोनारांच्या शेगड्या थंड पडल्या. मोर्चे निघाले, उपोषणे झाली. कर्जबाजारी सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला तो १९९० मध्ये रद्द होईपर्यंत राहिला. त्या कायद्याने व्यापाऱ्याला परवाना दिला आणि सोनाराला प्रमाणपत्र. जवळ सोने किती ठेवायचे यावर मर्यादा होती आणि वहीत हिशेब लिहिणे बंधनकारक होते. या कारागिराला सरकारने दिलेले हे कागदोपत्री ओळखपत्रच म्हणायचे. आणि ते मिळाले त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी. त्या सत्तावीस वर्षांत कितीतरी सोनारांनी मुलांना या धंद्यापासून दूर ठेवले. मास्तर व्हा, कारकून व्हा, पण शेगडीपाशी बसू नका.

बंधने उठली तेव्हा बाजार बदललेला होता. तुटीची तक्रार मिटवणारा एक नवा डाक आला होता. त्यात कॅडमियम असे. तापवल्यावर कॅडमियमची वाफ होऊन ते बरेचसे उडून जाते आणि जोडातही सोने जवळपास तितकेच शुद्ध राहते. दुकानांच्या पाट्यांवर 'केडीएम' ही अक्षरे झळकू लागली आणि गिऱ्हाइकाला ती खात्रीची खूण वाटू लागली. पण उडालेली वाफ जात होती कुठे? ती जात होती फुंकणी तोंडाला लावून बसलेल्या माणसाच्या छातीत. कॅडमियमचा धूर फुप्फुसाला आणि मूत्रपिंडाला घातक असतो. गिऱ्हाइकाच्या मनातला संशय गेला, त्याची किंमत कारागिराने श्वासातून मोजली. पुढे मानक ब्युरोने हा डाक बंद केला आणि जस्तासारखे दुसरे धातू वापरात आले. पण 'केडीएम आहे का?' हा प्रश्न दुकानात पुढेही बरीच वर्षे विचारला जात होता.

मग आली खरी यंत्रे. यंत्रावर विणलेल्या साखळ्या, साच्यात ओतलेल्या अंगठ्या, संगणकावर काढलेले आराखडे, त्यावरून छापलेला नमुना आणि त्या नमुन्यावरून शेकड्यांनी ओतलेला माल. मुंबई, राजकोट, कोइमतूर, त्रिशूर इथून तयार दागिने येऊ लागले. जे हाताचे काम उरले, त्यात बंगालहून आलेले कारागीर पेठापेठांत बसले. इथे यंत्राला शिव्या घालण्यात अर्थ नाही. मेणाचा नमुना करून धातू ओतण्याची रीत आपल्याकडे फार प्राचीन आहे. जंतर हेही यंत्रच, आणि फुंकणी जाऊन गॅसची बत्ती आली तेव्हा सोनाराने ती आनंदाने घेतली. सारखेपणात यंत्राशी स्पर्धा करायची म्हटले, तर हात हरणारच. साखळीच्या चारशे कड्या हुबेहूब सारख्या करणे हे काम यंत्राचेच आहे, आणि ते त्याला खुशाल देऊन टाकावे.

शेवटी राहिली होती पारख, तीही यंत्राकडे गेली. भारतात सोन्याचे हॉलमार्किंग २००० साली सुरू झाले ते ऐच्छिक म्हणून. जून २०२१ पासून पहिल्या टप्प्यात २५६ जिल्ह्यांत ते सक्तीचे झाले, जुलैपासून सहा चिन्हांचा क्रमांक आला, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकणे बंद झाले. गिऱ्हाइकाच्या हिताची ही मोठी गोष्ट आहे. शिकलेले असो वा नसो, कोणीही आता फसवणूक ओळखू शकते. क्ष-किरणांचे यंत्र दागिन्याचा चुराही न काढता क्षणात कस सांगते. गंमत म्हणजे तपासणी केंद्रात खात्रीचा निवाडा आजही आगच करते. सोन्याचा नमुना शिसे आणि चांदीबरोबर भट्टीत तापवायचा, मग आम्लात चांदी विरघळवायची आणि उरलेले शुद्ध सोने तोलायचे. सोनाराच्या पूर्वजांनाही आगीची ही परीक्षा ओळखीची वाटली असती.

पण या कायद्यात कारागीर कुठे आहे? वर्षाला चाळीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान दुकानाला सक्तीतून सूट आहे. सराफासाठी मजुरीवर घडवणाऱ्या कारागिराला नोंदणीची गरज नाही. ही सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे. मात्र तिचा दुसरा अर्थ असा, की नोंद दुकानाची झाली आणि घडवणारा नोंदीबाहेर राहिला. गावातला लहान सोनार सूट असल्याचे सांगतो आणि गिऱ्हाईक विचारते, "मामा, शिक्का नाही का याच्यावर?" चाळीस वर्षे ज्याचा शब्द चालला, त्याच्याकडे या प्रश्नाला सोपे उत्तर नसते.

जगात असे सगळीकडेच झाले का? हॉलमार्क हा शब्द लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलवरून आला. पंधराव्या शतकात तिथल्या सोनारांना माल त्या हॉलमध्ये नेऊन शिक्का मारून घ्यावा लागे. पण त्याच्याही शंभरेक वर्षे आधी, १३६३ साली, इंग्लंडात कायदा झाला होता, की प्रत्येक सोनाराने मालावर स्वतःची खूण मारावी. हेतू सरळ होता. खोट निघाली तर ती कोणाची, हे कळावे. पण त्याच खुणेमुळे चांगले काम कोणाचे, हेही कळू लागले. जबाबदारीची खूण हीच पुढे मानाची खूण झाली. आपल्याकडच्या शिक्क्याने जबाबदारी दुकानावर ठेवली, त्यामुळे नावही दुकानालाच मिळाले.

मग आजच्या सोनाराने आपली ओळख कुठे शोधायची? मला वाटते, नरहरी सोनारांच्या करगोट्यात. माप कळते ते हाताला. आपल्याच दोन जिल्ह्यांत पाहा. किनवट, मुखेड, कंधारकडच्या तांड्यांवरच्या जुन्या बंजारा स्त्रियांच्या केसांतल्या चांदीच्या घुगऱ्या आणि टोपल्या, गळ्यातली हासळी. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू वळणाचे पुस्ते. लातूर-उदगीरकडे लिंगायत घरांत इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी. मराठी घरांत दोन वाट्यांची पोत, त्यातली एक सासरची आणि एक माहेरची. दूरच्या कारखान्याच्या पुस्तकात हे सगळे 'पारंपरिक' या एका पानावर येते. कोणाची वाटी कोणत्या घडणीची असते, नथ कोणत्या नाकाला जड होईल, आजीच्या पाटल्या मोडून तीन नातींना सारखे कसे द्यायचे, बाळाच्या कानाला तार किती बारीक लागेल, हे जाणणारा माणूस याच मातीतला असावा लागतो. हॉलमार्क सोने किती शुद्ध हे सांगतो. दागिना कोणाच्या अंगावर कसा बसेल, हे तो सांगत नाही. ते ज्ञान अजून सोनाराचेच आहे, आणि संगणक हाताशी आला तर त्याने ते अधिक वापरात आणावे. गावातल्या जुन्या घडणींची छायाचित्रे आणि मापे जपणारा सोनाराचा मुलगा त्या संगणकावर पूर्वजांचेच काम पुढे नेतो.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाला पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत सोनार आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी मदत आणि स्वस्त कर्ज यांबरोबर तीत कारागिराला ओळखपत्र मिळते. १९६८ च्या कागदाने सोनारावर नजर ठेवली होती. हा कागद निदान त्याला कारागीर म्हणतो. पण कार्ड खिशात असते आणि दागिना गिऱ्हाइकाच्या अंगावर. दोन्हींची गाठ पडायला हवी.

ती गाठ घालायला मोठा कायदा लागत नाही. दुकानाच्या पावतीवर एक ओळ वाढवली, घडवणाऱ्याच्या नावाची, तरी पुरे. सराफांनी ती लिहावी, सोनारांनी ती मागावी. आणि आपण गिऱ्हाइकांनी, शिक्का पाहून झाल्यावर, भाव विचारून झाल्यावर, मजुरीवर घासाघीस करून झाल्यावर, आणखी एक प्रश्न विचारावा: "हे घडवलंय कोणी?" दुकानदाराला नाव सांगता आले, तर पुढच्या वेळी तेच नाव घेऊन आपण दुकानात जाऊ.